कोऱ्या वह्यांचा अभिमान

आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या पाडव्यास आपलें लेखनसाहित्याचें कपाट आम्हांस मोठ्या कौतुकानें उघडून दाखविलें. मखमलीच्या खणांत ओळीनें निजविलेलीं साठ-पासष्ट फाउंटन पेनें, कांहीं जर्मनीचीं, कांहीं जपानचीं. खालच्या फळीवर नाना रंगांच्या शाईच्या दौती. आणि त्याखालीं कातडी बांधणीच्या वह्यांची मोठी थप्पी. आम्ही स्वतः याच व्यसनांतले असल्यामुळें आमचे डोळे निवले, हें कबूल केलें पाहिजे. एक पेन उचलून आम्हीं सहज विचारलें, "एक ओळ लिहून पाहूं का?" तोंच स्नेह्यांचा चेहरा पडला. "अहो, त्यांत शाई नाहीं. एकदां शाई लागली कीं किंमत उतरते!" आम्हीं एक वही उघडली, ती कोरी. दुसरी उघडली, तीहि कोरी. स्नेही म्हणाले, "इतक्या सुंदर कागदावर आपण काय लिहिणार?"

आमचा हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

ज्यांस हा छंद मुळांतच मान्य नाहीं, त्यांची समजूत आधीं थोडक्यांत घालूं. त्यांचें म्हणणें असें कीं, हातांत मोबाइल असतांना लेखणी बाळगणें हें निव्वळ खूळ, आणि तेंहि परदेशी खूळ. पैकीं पहिल्या आक्षेपास आम्ही फारशी किंमत देत नाहीं. महाविद्यालयाचीं पत्रें आम्हीहि संगणकावरच लिहितों. पण पेटी घरांत आली म्हणून गळा काढून टाका, असें कोणी गवयास सांगत नाहीं. दुसरा आक्षेप मात्र अज्ञानाचा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हें आक्षेपकांच्या गांवींहि नसावें. देशोदेशींचे बोरू आणावे, ते घट्ट, बारीक व सरळ पाहून घ्यावे. ते तासण्याचीं हत्यारें, रेघा आंखण्याचीं साधनें बाळगावीं. हिंगूळ संग्रहीं ठेवावा, शाई भिजवून वाळवून तिचा सांठा करावा, असें समर्थ तेथें बजावून सांगतात. लंगोटी लावून हिंडणाऱ्या त्या विरक्त पुरुषास बोरूच्या जातींची ही एवढी उठाठेव कशासाठीं? त्यास चैनी म्हणण्याची ज्याची छाती असेल त्यानें मग आम्हांस खुशाल म्हणावें.

परंतु तोच समास आमच्या स्नेह्यांनींहि वाचावा अशी आमची विनंती आहे. त्यांत साहित्याची यादी येते ती अक्षराच्या मागून. अक्षर वाटोळें, सुटें आणि काळेंभोर असावें, ओळी सरळ असाव्या, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच हात दिसावा, हें आधीं. तरुणपणीं डोळ्यांच्या जोरावर फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें आपलें आपल्यासच वाचवत नाहीं (पन्नाशी उलटलेल्या आम्हांस हें आतां नीट पटतें). आणि कागदाच्या चारी बाजूंस जागा सोडावी, ती अशासाठीं कीं कडा झडल्या तरी अक्षरास धक्का लागूं नये. कागद झडणारच, हें समर्थांनीं गृहीतच धरलें आहे. वांचवावयाचें तें अक्षर! आमच्या स्नेह्यांनीं नेमकें उलटें केलें: कागद वांचविला आणि अक्षर होऊंच दिलें नाहीं.

यावर एक उत्तर तयार असतें. पोस्टाचीं तिकिटें जमविणारा पत्रें पाठवीत नाहीं, जुनीं नाणीं जमविणारा तीं बाजारांत चालवीत नाहीं. मग पेनें जमविणाऱ्यावरच हा कटाक्ष कां? उत्तर दिसावयास बिनतोड आहे. पण ज्या शिक्का बसलेल्या तिकिटावर संग्राहक जीव टाकतो त्याचें पत्र केव्हांच पोंचलेलें असतें. त्या नाण्यानें कोणाचें तरी मीठ-मिरची विकत घेतलेलें असतें. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद आपण जपतों ते त्यांवर मोडींत कांहीं लिहिलेलें आहे म्हणून. आजोबांचें झिजलेलें पेन कोणी कांचेखालीं ठेवलें तर आम्ही हात जोडूं. जें अद्यापि जगलेंच नाहीं त्याचें स्मारक मात्र आम्हांस बघवत नाहीं.

या वस्तूंच्या इतिहासाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनीं स्वदेशी फाउंटन पेन घडवून गांधीजींकडे धाडलें, तेव्हां १९३५ सालीं आलेल्या उत्तरांत गांधीजींनीं तें आपण वापरून पाहिल्याचें आवर्जून कळविलें. १९३१ सालीं मुंबईंत दांडेकर बंधूंनीं शाईचा धंदा मांडला, तो परदेशी दौतीऐवजीं या देशांतली दौत रिकामी व्हावी म्हणून. कपाटांत भरलेली राहावी म्हणून नव्हे. फाउंटन पेनास मराठींत 'झरणी' असा एक फार गोड शब्द निघाला होता. तो रूढ झाला नाहीं याचें आम्हांस अजून वाईट वाटतें. पण जी झरतच नाहीं तिला झरणी तरी कोणत्या तोंडानें म्हणावें?

शिवाय न वापरल्यानें वस्तु टिकते हा निव्वळ भ्रम आहे. शाई भरून पेन तसेंच ठेवलें तर त्यांतील पाणी उडून जातें, रंग मागें राहतो, आणि जिभेखालच्या केसाएवढ्या वाटा बुजतात. कोरडें ठेवलें तर जुन्या पेनांतील रबराची पिशवी कालांतरानें कडक होऊन तडकते, नाहीं तर चिकट होऊन बसते. लांकडाच्या लगद्याचा हलका कागद कोरा असला तरी पिवळा पडतोच. दर मार्च महिन्यांत आमच्यापुढें उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. दहा रुपयांच्या बॉलपेननें तीन तासांत तीस पानें भरणाऱ्या एखाद्या मुलीचें शेवटच्या पानावर फिकट होत गेलेलें अक्षर पाहिलें, म्हणजे लेखणीचा खरा शोकी कोण, याविषयीं आम्हांस संशय राहत नाहीं. धनावर बसलेल्या नागास धनाचा रसिक कोणी म्हणत नाहीं.

हें सर्व लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असें कोणी विचारील. खरें सांगावयाचें तर फारसा नाहीं. आमच्या मातोश्री वडिलांच्या कचेरींतून आलेले पाठकोरे कागद दाभणानें शिवून त्यांच्या वह्या करीत. त्यांत दुधाचा हिशेब, लोणच्याचें प्रमाण, सासूबाईंकडून ऐकलेल्या ओव्या, कोणाचें बारसें कधीं झालें, सारें एकाखालीं एक. अशा अकरा वह्या आज आमच्याजवळ आहेत. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशीं आम्हीं त्यांस एक भारी वही दिली आणि आतां आठवणी लिहा म्हणून सांगितलें. पंधरा दिवसांनीं उघडून पाहतों तों पहिल्याच पानावर धोब्याचे कपडे मांडलेले: चादरी चार, धोतरें दोन! आम्ही चिडलों, आणि तसें बोलूनहि दाखविलें. त्यानंतर त्या वहींत त्यांनीं एक अक्षर लिहिलें नाहीं. त्या पुन्हा पाठकोऱ्या कागदांकडे वळल्या, आणि वही त्यांच्या पश्चात् आमच्याकडे परत आली. इतकीं वर्षें ती आमच्या थप्पींत सर्वांत खालीं होती. "इतक्या सुंदर कागदावर आपण काय लिहिणार?" हें वाक्य स्नेह्यांच्या तोंडून ऐकतांच आमच्या अंगावर कांटा कां आला, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

परवां ती वही आम्हीं बाहेर काढली. कपड्यांच्या यादीखालींच आमची यादी सुरू केली आहे: दूध, दिवाबत्तीचें तेल, परत करावयाचीं पुस्तकें. शेवटचें एक पान फाडून त्यावर स्नेह्यांस चार ओळींचें पत्रहि लिहिलें. आपल्या साठांपैकीं एका तरी पेनांत शाई भरून उत्तर धाडावें, अशी विनंती केली. उत्तर आलें, तें फोनवर. "पत्र पोंचलें," ते म्हणाले, "पण अहो, एवढ्या चांगल्या वहीचें पान फाडलेंत कशाला?"