विद्यापीठातील यंत्र आणि त्याचा मालक

झिरकपूर : चंदीगडच्या वेशीवर, अंबाल्याच्या महामार्गालगत वसलेले हे पंजाबातील गाव पाहता पाहता बहुमजली इमारतींचे शहर बनले. चंदीगडच्या आखीव सेक्टरांतील भाडे ज्यांना परवडत नाही असा नोकरदार वर्ग येथे राहतो. नोकरीनिमित्त उत्तरेत आलेली मराठी कुटुंबेही त्यात आहेत. जवळच पंजाब विद्यापीठ आहे. १८८२ साली लाहोरला स्थापन झालेले आणि फाळणीनंतर अखेरीस चंदीगडला स्थिरावलेले. परंतु महामार्गावरचे मोठमोठे फलक त्या विद्यापीठाचे नाहीत. ते खासगी विद्यापीठांचे आहेत, आणि त्यांच्या नव्या मालाचे नाव आहे 'ऑनलाइन पदवी'. घरबसल्या शिका, नोकरी न सोडता शिका! कर्मचाऱ्यांच्या मुलांना या हाकेची भुरळ पडते, यात त्यांचा दोष नाही. दिवसभर राबणाऱ्याला रात्री शिकण्याची सोय हवीच असते, आणि ती पुरविणे हे सार्वजनिक विद्यापीठांचे काम आहे.

कम्युनिस्ट यंत्राचे शत्रू आहेत, असा कांगावा आपले विरोधक नेहमीच करीत आले आहेत. वस्तुस्थिती काय आहे? दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवर देशभर दिसू लागले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. या उपक्रमांत उणिवा पुष्कळ होत्या. पण शिकणारा आणि शिकविणारा यांच्यामध्ये कोणी दुकानदार बसलेला नव्हता. त्यांना पुरोगामी चळवळीने विरोध केला नाही.

मग आज बदलले काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने 'स्वयम्' या सरकारी मंचावरील अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्यास मुभा दिली. असे अभ्यासक्रम केव्हा घ्यावेत, तर एखाद्या विभागात योग्य अध्यापक उपलब्ध नसेल तेव्हा, हेही तीत नमूद होते. २०२० चे नवे शैक्षणिक धोरण आले आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. अध्यापक उपलब्ध का नसतो? कारण निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत नेट-सेट उत्तीर्ण झालेले, पीएच.डी. मिळविलेले तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबत आहेत. सुट्टीच्या महिन्यांत त्यांची चूल कशी पेटते हे मंत्रालयाने कधी विचारले नाही. आधी जागा रिकामी ठेवायची, मग ती रिकामी आहे म्हणून तेथे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान आणून बसवायचे, असा हा क्रम आहे. ते व्याख्यान बहुधा मुळात इंग्रजीत तयार झालेले असते. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला शंका आली तर ती त्याने पडद्याला विचारावी काय?

शिक्षकाच्या श्रमाचे हे रूप मार्क्सने ओळखले होते. 'भांडवल'च्या १८६७ च्या पहिल्या खंडात उत्पादक श्रम म्हणजे काय हे सांगताना त्याने उदाहरण घेतले तेच मुळी शाळामास्तराचे. मालकाच्या धनवृद्धीसाठी राबणारा मास्तर हा भांडवलाच्या दृष्टीने उत्पादक कामगार ठरतो. मालकाने पैसा शिक्षणाच्या कारखान्यात घातला की खाद्यपदार्थांच्या, याने त्या नात्यात फरक पडत नाही. मुद्रित व्याख्यान म्हणजे अध्यापकाचे गोठलेले, मृत श्रम. ते एकदा साठविले की कितीही वेळा वाजवता येतात. ज्याच्या हाती त्यांची मालकी, तो उद्या त्याच अध्यापकाला घरी बसवू शकतो. लेखक-अध्यापकांनी पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या मजकुरावर पोसलेली आणि २०२२ च्या अखेरीपासून विद्यार्थ्यांच्या हाती आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे ही याच व्यवहाराची पुढची पायरी होय.

ही भीती काल्पनिक नाही. १९९७ साली टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील अध्यापकांनी दीर्घ संप केला आणि अध्यापनात तंत्रज्ञान कसे वापरले जाईल याविषयीची हमी करारात लिहून घेतली. २०१३ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांना खुले पत्र लिहून त्यांचे मुद्रित व्याख्यान आपल्या वर्गात वापरण्यास नकार दिला. श्रीमंतांच्या विद्यापीठात जिवंत प्राध्यापक आणि गरिबांच्या विद्यापीठात त्याची चित्रफीत, अशी विभागणी होईल, हा त्यांचा आक्षेप होता. ती व्याख्याने पुरविणारी 'एडएक्स' ही संस्था हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ साली ना-नफा तत्त्वावर काढली होती. २०२१ मध्ये ती ८० कोटी डॉलरना एका नफेखोर कंपनीला विकली गेली, आणि त्या कंपनीने २०२४ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. ना-नफ्याच्या गप्पांचे आयुष्य दहा वर्षेही भरले नाही!

मुंबई विद्यापीठाचा अनुभव तर आपल्या घरचा आहे. २०१७ साली कुलगुरू संजय देशमुख यांनी सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला आणि काम एका खासगी कंपनीकडे सोपविले. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या होत्या. पुरेशी पूर्वतयारी नव्हती. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन् महिने रखडले, काही उत्तरपत्रिकांचा पत्ताच लागेना. पुढील प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यांची भरपाई कोणी केली? ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. मात्र ज्या धोरणाने परीक्षेसारखे विद्यापीठाचे मूलभूत काम कंत्राटावर दिले, ते धोरण जागच्या जागी राहिले.

टाळेबंदीच्या काळात २०२० मध्ये वर्ग एकाएकी मोबाइलवर गेले, तेव्हाची स्थिती सरकारच्याच आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती, आणि संगणक तर जेमतेम ४ टक्क्यांकडे. शहरांतही हे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि २३ टक्क्यांच्या आसपास होते.

दुसरा मार्ग नाही असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तेथील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने इंटरनेट हा नागरिकांचा मूलभूत हक्क मानला आणि जून २०२३ मध्ये 'के-फॉन' या सार्वजनिक जाळ्याचे उद्घाटन केले. राज्य वीज मंडळाच्या खांबांवरून प्रकाशतंतूची तार नेली आणि गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. शाळांतील संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याची परंपरा तेथे त्याआधीपासूनच आहे. एका राज्याच्या तुटपुंज्या साधनांत जे झाले, त्याला केंद्राच्या तिजोरीने हात दिला तर काय होईल?

प्राध्यापक संघटनांत आणि विद्यार्थी आघाडीवर काम करणाऱ्या साथींनी हा प्रश्न 'यंत्र हवे की नको' या सापळ्यातून बाहेर काढला पाहिजे. मुद्रित व्याख्यानाचा हक्क अध्यापकाचाच राहील, त्याच्या लेखी संमतीवाचून ते पुन्हा वापरले जाणार नाही आणि त्याच्या आधारे एकही मंजूर पद गोठविले जाणार नाही, ही कलमे मागणीपत्रकात घालावीत. परीक्षा, प्रवेश आणि विद्यार्थ्यांची माहिती यांविषयीचे प्रत्येक खासगी कंत्राट अधिसभेपुढे खुले व्हावे, असा ठराव पुढील बैठकीतच मांडावा.