हात कशावर बसणार?

गाडीवर ‘हात बसणे’ हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. त्यात सराव आहे, चुका आहेत आणि चुकांतून आलेली सहजता आहे. आलिशान स्पोर्ट्स कारमध्ये स्टिअरिंगमागची दोन पाती ओढून गिअर बदलणाऱ्या चालकाचा हात नेमका कशावर बसतो, हा प्रश्न आम्हाला केवळ यंत्रशास्त्राचा वाटत नाही.

या पात्यांचा जन्म शर्यतीतला. जॉन बार्नार्ड यांनी रचलेली ‘फेरारी ६४०’ १९८९ साली पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेल यांनी जिंकून दाखवली. स्टिअरिंगवरून हात न काढता गिअर बदलणे हा तेथे खरा लाभ होता. १९९७मध्ये ‘एफ३५५’मधून ही सोय रस्त्यावर आली. आतला गिअरबॉक्स नेहमीचाच. क्लचचे आणि दांड्याचे काम मात्र तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करू लागली. पुढे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच सज्ज राहू लागला आणि मानवी हाताची स्पर्धाच संपली.

यंत्राने केवळ श्रम घेतले, निर्णय चालकाकडेच राहिला, असे पात्यांचे समर्थक म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. भलत्या वेगात खालचा गिअर मागितला, तर इंजिन जपण्यासाठी संगणक तो नाकारतो. पाते ओढणे ही मग आज्ञा राहत नाही, तो अर्ज होतो. इंजिन वाचते, हे मान्य. पण जिथे चुकण्याची मुभा नाही, तिथे कौशल्य कशाला म्हणायचे?

पोर्शचा अनुभव बोलका आहे. २०१३ची ‘९११ जीटी३’ फक्त पात्यांची होती. २०१७मध्ये त्याच गाडीत दांड्याचा पर्याय परत आला. शंभर किलोमीटरचा वेग गाठायला पात्यांच्या गाडीला ३.४ सेकंद लागत, दांड्याच्या गाडीला ३.९. तरीही तो अर्धा सेकंद स्वखुशीने सोडणारे ग्राहक निघाले. त्यांना निव्वळ स्मरणरंजनात रमलेले म्हणणे अन्यायाचे ठरेल. फॉर्म्युला वननेसुद्धा २००४पासून आपोआप बदलणारे गिअर निषिद्ध ठरवले, ते चालकाचा वाटा राखण्यासाठीच.

शर्यतीत, वाहनांच्या कोंडीत किंवा डावा पाय साथ देत नसलेल्या माणसासाठी पाती हे वरदानच आहे. परंतु जी गाडी केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घेतली जाते, तिच्यातून चालवण्याचाच एक भाग काढून घेणे आम्हाला प्रगती वाटत नाही.