मिरज दुसऱ्या क्रमांकावर

सांगली संस्थान मिरजेच्या पटवर्धन घराण्यातील वाटणीतून १८०१ मध्ये जन्मले. १९९८ मध्ये मात्र मिरज नगरपालिकाच सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेत विलीन झाली. नंतर जन्मलेल्या संस्थानाचे नाव पाटीवर आधी आले!

या क्रमाची पायाभरणी जुनी आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये साताऱ्याचे काही तालुके व संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. जिल्ह्याचे ठाणे सांगलीत, पुढे महापालिकेचे मुख्यालयही सांगलीतच. रेल्वेचे जंक्शन तेवढे मिरजेकडे राहिले. गटारी-रस्त्यांचे निर्णय ज्या सभागृहात होतात, तेथे मिरजेचा आवाज एकट्याचा उरला नाही.

सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते मात्र मिरजेच्याच नावाने.