किंमत सांगताना खाली बघू नये

मराठी मध्यमवर्गीय माणसाला विकत घेण्याची लाज नाही, विकण्याची आहे. कोथिंबिरीच्या जुडीपायी भर मंडईत दहा मिनिटं हुज्जत घालणारा हा वीर, स्वतःच्या हातची वस्तू विकायची वेळ आली की नव्या नवरीसारखा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागतो. ‘द्या हो, काय द्यायचं ते’ असं पुटपुटतो. आणि लोकही त्याला काय द्यायचं ते देतात. म्हणजे बहुतेक वेळा शुभेच्छा.

हा विषय आमच्या घरात निघाला तो पुतणीमुळे. ती चित्रं काढते. रेल्वेच्या फलाटावर राहणारं एक मांजर तिने जन्माला घातलं आहे. ते कधी लोकलची वाट बघतं, कधी बाकावर पेंगतं. दुसऱ्याच्या प्रसिद्ध पात्रांची चित्रं विकायची तर हक्कांची भानगड येते. मांजर मात्र नखशिखान्त तिचं स्वतःचं. ही चित्रं विकायला तिने मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये पहिल्यांदाच टेबल घेतलं. कॉमिक कॉन म्हणजे चित्रकथांच्या वेड्यांची जत्रा. आपल्या देशात ती 2011 साली दिल्लीत सुरू झाली. तिथे तरुण मंडळी आवडत्या पात्रांचे पोशाख घालून हिंडतात आणि चित्रकार टेबलं मांडून बसतात.

बातमी फुटली आणि सल्लागारांची रांग लागली. मेहुणे म्हणाले, “पहिल्यांदाच जातेयस ना? मग फुकट वाट. नाव होईल!” मेहुणे वकील आहेत. पहिला खटला त्यांनी फुकट लढवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तिची मावशी म्हणाली, “पन्नासच्या वर लावू नकोस गं, कागदाचा तुकडा तो!” मावशीने पैठणीला कधी कापडाचा तुकडा म्हटलेलं नाही.

मी आयुष्यभर बँकेत आकडे मांडले, तेव्हा वही काढली. टेबलाचं भाडं सहा हजार. जाण्यायेण्याचे आणि किरकोळ मिळून एक हजार. चित्रं दोनशे, छपाई, प्लॅस्टिकचं पाकीट आणि पाठीमागचा पुठ्ठा धरून प्रत्येकी पंचवीस, म्हणजे पाच हजार. एकूण बारा हजार. आता मावशीच्या भावाने दोनशेच्या दोनशे चित्रं खपली, तरी हाती येतात दहा हजार. म्हणजे घवघवीत यश मिळालं की दोन हजारांचा खड्डा! उलट दीडशेला विकली आणि निम्मीच खपली, तरी खर्च वजा जाता तीन हजार उरतात. आणि या हिशेबात पुतणीच्या जागरणांचा एक पैसाही धरलेला नाही. तो आपण कधीच धरत नाही, हेच तर माझं भांडण आहे.

बाकीची तयारी सोपी असते. चित्रं टेबलावर पसरून ठेवली तर गर्दीत कुणी मान खाली घालून बघत नाही. ती डोळ्यांच्या उंचीवर उभी करावी लागतात. किमतीची पाटी मोठ्या अक्षरांत हवी, कारण लाजाळू गिऱ्हाईक भाव विचारत नाही, पुढे सरकतं. क्यूआर कोड हवाच, पण गर्दीत मोबाइलने मान टाकली तर सुट्टे पैसेही हवेत. पॉवर बँक, कात्री, सेलोटेप, डबा, पाणी आणि पाच मिनिटं टेबल सांभाळणारा काका, एवढं पुरतं.

अवघड होती ती तालीम. जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं आणि मी गिऱ्हाईक झालो. “केवढ्याला?” “दीडशे,” पुतणी म्हणाली, “पण शंभर दिलेत तरी चालतील, काका.” मी अजून घासाघीस सुरूसुद्धा केली नव्हती! ‘दीडशे’ म्हणून गप्प राहायला तिला तीन संध्याकाळ लागल्या. पोरीचा दोष नाही. ही लाज तिने आमच्याच घरात उचलली आहे.

‘कलेला पैशाचा वास लागला की कला मरते’ असं म्हणणारे भेटतातच. त्यांना टोकियोच्या कॉमिकेटची गोष्ट सांगावी. 21 डिसेंबर 1975 रोजी हौशी मंडळींचे अवघे 32 गट स्वतः काढलेल्या चित्रकथांच्या पुस्तिका घेऊन बसले. बघायला आले सुमारे सातशे लोक. आज त्याच मेळाव्याला लाखोंची गर्दी लोटते. पुस्तिकांवर किंमत होती, म्हणून तिथे कुणाची हौस आटली नाही. हौस आटते ती पदरमोड करून दमल्यावर. आपल्या ओळखीत पूर्वी ‘छान चित्रं काढायची’ अशा किती बायका आहेत, मोजून बघा.

सूट देऊच नये असं मी म्हणत नाही. शेवटच्या दिवशी तीन चित्रं एकत्र घेणाऱ्याला तिने खुशाल चार पैसे सोडावेत. पण ते सोडणं तिच्या मर्जीचं असावं, मावशीच्या भीतीचं नव्हे.

तेव्हा अशा जत्रेत पहिल्यांदा टेबल मांडणाऱ्या पोरापोरींनो, सेलोटेप विसरलात तर शेजारच्या टेबलावर मिळेल. समोरच्याच्या डोळ्यांत बघून किंमत सांगायची सवय मात्र घरूनच न्यावी लागते. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, ती नेऊ द्या. चित्र आवडलं तर पाकीट काढा. नुसतं कौतुक करायला मेहुणे आहेतच.