गुऱ्हाळावरचा चटका : आधी पाणी, मग दवाखाना



दिवाळी सरली की आपल्या कोल्हापूर भागात चुलवाणं पेटतात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली आणि इथल्या गुळाचे नाव दूरवर गेले. ढेपेला भाव किती मिळाला हे आपण सगळेच विचारतो. ती करताना कोणाचा हात-पाय पोळला का, हेही विचारायला हवे.

काहिलीतला रस शंभर अंशांच्या आसपास उकळतो. गूळ उतरवायच्या वेळी पाक सुमारे ११८ अंशांवर गेलेला असतो. अंगावर सांडलेले पाणी ओघळून जाते, पाक मात्र कातडीला चिकटून बसतो आणि आत भाजतच राहतो. म्हणून हा चटका चहाच्या चटक्याइतका साधा समजू नये.

अंग भाजले की पहिले औषध पाणी. भाजल्या जागेवर साध्या, स्वच्छ पाण्याची संथ धार वीस मिनिटे धरा. नळ नसेल तर तांब्याने ओता. गूळ पाण्यात विरघळतो, त्यामुळे चिकटलेला पाक आपोआप सुटतो. तो खरवडू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीचा कापून घ्या. बर्फ लावू नका. लहान मूल असेल किंवा अंग बरेच भाजले असेल तर तेवढ्याच जागेवर पाणी घाला, बाकीचे अंग पांघरुणात ठेवा. नाहीतर माणूस गारठतो.

आता भाजणे किती खोल, ते ओळखू या.

पहिला प्रकार वरवरचा. कातडी लाल होते, आग होते, पण फोड येत नाही. बहुधा आठवडाभरात बरे वाटते.

दुसऱ्या प्रकारात पाण्याने भरलेले फोड येतात, जागा ओलसर दिसते आणि ठणका फार असतो. फोड फोडू नका. ती कातडी खालच्या जखमेचे झाकण असते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. कातडी पांढरट, तपकिरी किंवा काळी पडते, चामड्यासारखी कडक होते आणि तिथे फारसे दुखत नाही. इथेच माणसे फसतात. ‘दुखत नाही, म्हणजे थोडक्यात भागलं,’ असे म्हणून कामाला लागतात. खरे तर दुखणे कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. न दुखणारी जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

याखेरीज रोग्याच्या स्वतःच्या पंजाएवढी किंवा त्याहून मोठी जागा भाजली. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघ भाजली. विजेचा झटका बसून भाजले. किंवा भाजलेले माणूस लहान मूल, वृद्ध, गरोदर बाई अथवा मधुमेही असेल, तरी घरी थांबू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. जाताना जखमेवर धुतलेले, स्वच्छ सुती कापड सैल झाका. धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना जरूर विचारा.

शाई, चुना, शेण, हळद, तेल, तूप, दातांची पेस्ट यांतले काहीही लावू नका. त्यांनी जखमेत घाण जाते, आणि डॉक्टरांना जखम पाहण्याआधी तो लेप काढावा लागतो. तो काढताना होणाऱ्या वेदना रोग्यालाच सोसाव्या लागतात.

गुऱ्हाळावर काहिलीभोवतीची जमीन रस-मळीने निसरडी होते, ती वरचेवर कोरडी करा. पोरांना कितीही हौस असली तरी काहिलीजवळ येऊ देऊ नका. त्यांची काकवी वाटीत घालून लांब बसवून द्या. आगीजवळ नायलॉनचे कपडे नकोत, सुती घाला.

आणि एक नेम करा. चुलवाण पेटवण्याआधी स्वच्छ पाण्याने भरलेले पिंप, एक तांब्या आणि धुतलेले धोतर हाताशी ठेवायचे. त्यातले पाणी दुसऱ्या कामाला घ्यायचे नाही. हंगामभर ते पिंप तसेच भरलेले राहिले, तर त्याहून चांगले काय!