देशभक्तीची सरकारी शिकवणी

देशभक्ती ही वर्ग भरवून शिकविण्याची विद्या आहे, असे मलेशियाच्या राज्यकर्त्यांनी तब्बल ४४ वर्षे मानले. १९७४ साली युवक खात्यातील एक लहानसा संशोधन विभाग म्हणून निघालेली संस्था १९८१ साली, म्हणजे महाथीर मोहम्मद पंतप्रधान झाले त्याच वर्षी, थेट पंतप्रधानांच्या कचेरीखाली आली आणि 'बिरो तातानगारा' या नावाने नांदू लागली. सरकारी नोकर, विद्यापीठांतील विद्यार्थी आणि सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी निघालेली मुले यांना तिच्या शिबिरांस जावे लागे. १९६९ च्या मे महिन्यात क्वालालंपूरमध्ये मलय व चिनी यांच्यात रक्तपात झाला होता. त्या देशास एकोप्याच्या शिकवणीची गरज नव्हती, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो शिबिरात शिकविले काय गेले याचा, आणि त्याचे उत्तर सरकारी पत्रकात शोधावयाचे नसते. शिबिरात बसलेल्या माणसास विचारावयाचे असते. अशा अनेकांनी पुढे जे सांगितले ते असे: घरापासून दूर काही दिवसांचा मुक्काम, कवायत, गटचर्चा, गाणी आणि व्याख्याने. व्याख्यानांचा सूर हा की, मलय हेच या भूमीचे धनी, बाकीचे त्यांच्या कृपेने राहणारे उपरे. मलयांनी एकजूट सोडली तर हातचे सारे जाईल. आणि विरोधी पक्ष म्हणजे जणू देशाचे वैरी.

अठरा-एकोणीस वर्षांचा भारतीय वा चिनी वंशाचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. आईबाप त्याच मातीत जन्मलेले, शिष्यवृत्ती स्वतःच्या हुशारीवर मिळविलेली. उठून जावे तर तीच हातची जाण्याची धास्ती; बसून राहावे तर आपल्याच देशात आपण परके, हे मुकाट ऐकावे. निष्ठेविषयीची शंका कशी बोचते, हे सीमाभागातील वाचकास आम्ही काय सांगावे! आणि शेजारच्या मलय मुलाचे तरी काय हित झाले? कालपर्यंत ज्याच्या बाकावर बसला, त्याचे आजपासून भय बाळग, एवढेच त्यास शिकविले गेले.

आम्हांस तेथे वावगे काही आढळले नाही, असे सांगणारेही माजी शिबिरार्थी आहेत. त्यांना खोटे का म्हणावे? व्याख्याता बदलला की पाठही बदलत असेल. परंतु सरकारी खर्चाने चालणारी शिकवण जर व्याख्यात्याच्या मर्जीवर सोडलेली असेल, तर त्या अभ्यासक्रमाचा बचाव तरी कशाच्या आधारे करावयाचा? २००९ साली सेलांगोर राज्यातील विरोधी पक्षांच्या सरकारने आपल्या नोकरांस व राज्याच्या संस्थांतील विद्यार्थ्यांस या शिबिरांस जाण्याची बंदी केली. यात राजकारण आहे, अशी ओरड झाली. होतेच, राज्य चालविणाऱ्यांनी राजकारण करू नये तर काय भजन करावे? पण त्याच वेळी केंद्रातील मंत्री नझरी अझीझ यांनीही वंशभेदाच्या तक्रारींत तथ्य असल्याचे उघडपणे मान्य केले. स्वतःच्या मंत्र्याने कबुली दिल्यावरही शिबिरे आणखी नऊ वर्षे चाललीच.

ऑगस्ट २०१८ मध्ये ती संस्था बरखास्त करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्या वेळी पंतप्रधानपदी पुन्हा महाथीरच होते. फरक इतकाच, की या खेपेस ते आपल्या जुन्या पक्षाचा पराभव करून आले होते.