वेगळ्या चुलीचा मान

दिवाळी आली की पुढाऱ्यांच्या नम्रतेला पूर येतो. चौकाचौकांत फलक लागतात, त्यांवर हात जोडलेल्या छबी झळकतात आणि खाली 'आपला नम्र' म्हणून नाव असते. ते नाव मात्र सर्वांत मोठ्या अक्षरांत! वाचकहो, जोडलेले हात हा नम्रतेचा पोशाख झाला. तिची पारख निराळीच आहे. ज्याच्या हाती अधिकार आहे तो दुसऱ्याच्या मनाला किती जागा ठेवतो, यावरून ती करावी.

ख्रिस्ती धर्माने आपल्या पुढाऱ्यांना हा धडा फार कडक शब्दांत घालून दिला आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळी घरच्या दासाचे. गुरूने ते केल्यावर शिष्यांना मोठेपणा मिरवायला सबबच उरली नाही.

हा धडा कोणी गिरवला, हे पाहायचे तर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ही कर्मभूमी. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे दोघे एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे कायम होते. एकाच घरात धर्म दोन आणि चुली दोन! नवऱ्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असा तो काळ. त्यातून हा नवरा धर्मोपदेशक. दटावले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण टिळकांनी ती वेगळी चूल पेटू दिली. 1900 साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या मनाचा कौल घेऊन.

बालकवी ठोंबरे हेही टिळकांच्या नगरच्या घरी मुलासारखे राहिले. त्यांची कविता त्या घरात बहरली आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. उपदेशकाच्या घरचे अन्न खाल्ले म्हणून त्यांना धर्माचे मोल द्यावे लागले नाही.

टिळक स्वभावाने गरीब गाय होते, असे मात्र कोणी समजू नये. माणूस तापट, एकदा मनाने घेतले की कोणाचे ऐकणे नाही. 1917 साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. परदेशी मिशनऱ्यांनी आपल्यावर धनीपण न करता भाऊपण करावे, असा त्यांचा आग्रह होता. आणि तेच माप त्यांनी स्वतःला लावले.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुढारी पैशावर पाणी सोडतो तेव्हा घरच्या बाईला चूल पेटवायची असतेच. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि त्याची झळ लक्ष्मीबाईंनी सोसली. म्हणून त्यागाची पोथी वाचताना तो त्याग कोणाकोणाच्या ताटातून वाढला गेला, तेही विचारावे. नम्र पुढाऱ्याने निदान ते ओझे ओळखावे.

लक्ष्मीबाईंनी ते सारे 1934 पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रे'त हसतहसत सांगितले. नवऱ्याचा विसराळूपणा, संताप, हट्ट, काही झाकले नाही. तरी वाचून टिळक लहान वाटत नाहीत, उलट जवळचे वाटतात. ज्यांना टिळकांनीच लिहावाचायला उत्तेजन दिले, त्यांनीच त्यांचे दोष जगापुढे मांडले आणि त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही पुरे केले.

आज चर्चची पंचकमिटी असो, देवस्थानाचे विश्वस्त असोत, की साखर कारखान्याचे संचालक, सर्वांना एकच प्रश्न विचारण्याजोगा आहे. तुमच्या छपराखाली वेगळी चूल चालते का? तुमच्या विरुद्ध बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच सतरंजीवर बसू शकतो का? उत्तर 'हो' असेल, तर फलकावर हात जोडले नाहीत तरी चालेल.